शेतकऱ्याच्या घराची आखणी

गावाच्या भूमीस ‘पांढरी’ व शेताच्या भूमीस ‘काळी’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. काळीची मशागत कशी करावी हे आम्ही शेतकी खात्याचे लोक नेहमीच सांगत असतो. पांढरीवर जे घर उभे राहते त्याच्या आखणीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक शेतकऱ्याचे घर म्हणजे केवळ राहण्याचे ठिकाण नव्हे. तेच त्याचे कोठार, तीच अवजारांची खोली, आणि सुगीच्या दिवसांत तेच धान्य निवडण्याचे व पोती शिवण्याचे ठिकाण असते.

दोन वर्षांपूर्वी सीना नदीच्या काठच्या एका गावी मी पावसाळ्यात गेलो होतो. तेथील एका कष्टाळू शेतकऱ्याने कांद्याचे दोन हंगाम चांगले साधले, वर कर्ज काढले आणि नवे घर बांधले. घराचा नकाशा त्याने शहरात नोकरी करणाऱ्या आपल्या मेहुण्याच्या घरावरून जसाच्या तसा उचलला होता. दर्शनी भागी मोठा हॉल, मागे दोन खोल्या, कोपऱ्यात अंधारे स्वयंपाकघर. मी गेलो तेव्हा हॉलमध्ये सोयाबीनची पोती छताला लागली होती. फवारणीचा पंप खाटेखाली होता आणि कीटकनाशकाच्या बाटल्या मुलांच्या दप्तरांशेजारी खिडकीत होत्या. घरधनी बाहेर पत्र्याच्या सपरात बसलेले. म्हणाले, “साहेब, घर झालं, पर बसाया जागा ऱ्हायली न्हाई.” पीक फसले तर दुबार पेरणी करता येते, भिंतीची दुबार पेरणी होत नाही.

आपल्या वाडवडिलांची घरे या दृष्टीने अधिक विचाराने आखलेली होती. पुढे ओसरी, मग सोपा, आत माजघर, मागे परसू, अशा क्रमात परक्या माणसाने कोठवर यावे आणि घरच्या स्त्रियांनी कोठे मोकळेपणाने वावरावे हे आपोआपच ठरत असे. त्या घरांत दोषही होते. माजघरात उजेड नसे, चुलीचा धूर कोंडून राही, आणि मराठवाड्यातील माळवदाच्या घरांवर मातीचा भार फार असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यत्वे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व हे जड माळवद अंगावर कोसळल्यामुळे. तेव्हा जुन्यातील क्रम ठेवावा, भार टाकून द्यावा, आणि बांधकाम विटांचे असो वा दगडाचे, जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली लोखंडी सळयांचा काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून अखंड फिरवावा.

आता प्रत्यक्ष आखणी पाहू. पूर्व-पश्चिम ३० फूट व उत्तर-दक्षिण २० फूट, असे ६०० चौरस फुटांचे घर धरले आहे. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवण्याचे कारण असे की उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या भिंतीला तापवते. ती भिंत जितकी आखूड, तितके घर रात्री थंड. दक्षिणेस २० फूट लांब व ८ फूट रुंद ओसरी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने ऊन ओसरीत येते, उन्हाळ्यात तो माथ्यावर असल्याने येत नाही. पावसाचा मारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ओसरीचे पश्चिमेचे टोक जाळीच्या भिंतीने बंद करावे.

ओसरीच्या पूर्व टोकास १० बाय ८ फुटांचे कोठार आणि त्याच्या पाठीशी, उत्तरेस, १० बाय १२ फुटांचे स्वयंपाकघर. कोठारास दोन दारे असावीत. ओसरीकडील दार साडेतीन फूट रुंद ठेवावे, म्हणजे खांद्यावर पोते घेतलेला माणूस चौकटीला न घासता आत जाईल. आतले दार लहान, रोजचे धान्य काढण्यापुरते. सहा माणसांच्या कुटुंबास वर्षाकाठी आठ-दहा क्विंटल धान्य लागते, म्हणजे ५० किलोची सुमारे वीस पोती. ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून रचावीत. ओल व उंदीर यांपासून रक्षण होते आणि भोवती फिरून पाहता येते. कीटकनाशकांना मात्र या कोठारात, किंबहुना घरातच, जागा नाही. त्यांच्यासाठी बाहेर कुलूप लावण्याजोगी पेटी भिंतीत उंचावर बसवावी.

स्वयंपाकघर पूर्वेस ठेवल्याने सकाळचा उजेड मिळतो, व वर्षातील बरेच महिने वारा पश्चिमेकडून वाहत असल्याने धूर घरात न शिरता बाहेर जातो. गॅस आला तरी भाकरी चुलीवरच, असे घरोघर चालू आहे. म्हणून ओट्याबरोबर बसून भाकरी थापण्याची जागा व तिच्यावर धुराडे ही दोन्ही असावीत. खिडकी अशी की तीतून परसातील गोठा दिसेल.

माजघर मध्ये व निजण्याची खोली पश्चिमेस, दोन्ही १० बाय १२ फुटांची. निजण्याच्या खोलीला लागून बाहेर पश्चिमेस न्हाणीघर काढावे, म्हणजे ऊन ते घेईल.

कागदावरील नकाशा बहुतेकांना कळत नाही, व कळला तरी खोलीचा अंदाज येत नाही. म्हणून मी एक साधी युक्ती वापरतो. पाया खणण्यापूर्वी जागेवर चुन्याच्या फक्कीने घर पूर्ण मापाचे आखावे, त्यात खरी खाट टाकावी, दोन पोती ठेवावीत आणि घरातील सर्वांनी त्यात वावरून पाहावे. गेल्या माघात एका घरी असे केले. पुरुषांनी मान डोलावली. सूनबाई मात्र हंडा घेऊन रेघांमधून चालून आल्या आणि सासूच्या आडून म्हणाल्या, “भाऊसाहेब, पाव्हणं ओसरीत बसल्यावर मला न्हाणीकडं जायला वाटच न्हाई.” खरेच नव्हती, मागील दार मी विसरलो होतो. माजघरातून परसात दार काढले. खर्च आला मूठभर चुन्याचा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पाहणी घरातील स्त्रियांवाचून कधीही पुरी झाली असे समजू नये.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. अशांनी प्रथम स्वयंपाकघर व माजघर बांधावे, माजघराच्या पश्चिम भिंतीत दाराएवढी जागा वर लिंटेल टाकून विटांनी बुजवून ठेवावी. पुढे पैसा आला की विटा काढून तिसरी खोली जोडता येते.

जागा काळ्या मातीची असेल तर पाया मुरुमापर्यंत नेलाच पाहिजे. ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. वरवरच्या पायावरील भिंतही तिच्याबरोबर भेगाळते. शौचालय दोन शोषखड्ड्यांचे करावे, विहिरीपासून निदान ३० फूट, खडक भेगाळ असल्यास त्याहूनही दूर. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करावा. पहिल्यातील मैला दीड-दोन वर्षांत कुजून त्याचे निर्धोक सोनखत होते. छपराचे पाणीही वाया जाऊ देऊ नये. ६०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात ५०० चौरस फुटांच्या छतावरून वीस-बावीस हजार लिटर पाणी मिळू शकते. ते हौदात किंवा विहिरीजवळच्या गाळणखड्ड्यात घ्यावे.

काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावे. भिंतींना निदान आठवडाभर व स्लॅबला दोन आठवडे पाणी मारावे लागते, आणि चैत्र-वैशाखात, जेव्हा गावात टँकर येऊ लागतो, तेव्हा ते पाणी कोणी देत नाही.