विद्युत्‌धारेवरून इंजिनाची परीक्षा

रायपूर शहरातील तेलीबांधा तलावाच्या काठाने नागपूरहून संबळपूरकडे जाणारा जुना हमरस्ता जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा तो ५३ झाला. अशा रस्त्यावर एखादी चार सिलिंडरांची मालगाडी धापा टाकीत थांबली, तर मिस्त्रीपुढे पहिला प्रश्न असा येतो की, दोष इंधनाचा आहे की संपीडनाचा? संपीडनाचा संशय आला म्हणजे इंजिनाचे डोके उघडण्याकडे हात वळतो. संशय खोटा ठरल्यास मालकाचे दिवस आणि पैसे दोन्ही व्यर्थ जातात. दाबमापकाने परीक्षा घ्यावी म्हटले, तरी डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरावरील इंधनाची पिचकारी किंवा तापक-प्लग काढावा लागतो.

यावर एक सोपा उपाय आहे. इंजिन सुरू करताना विद्युत्‌घटमाला, म्हणजे बॅटरी, ‘स्टार्टर’ मोटारीला धारा पुरविते. दट्ट्या हवा दाबू लागला की मोटारीवर भार पडतो व तिची गती किंचित मंदावते. गती मंदावली की मोटारीत उत्पन्न होणारी विरोधी विद्युत्‌चालक प्रेरणा घटते आणि त्यामुळे धारा वाढते. दट्ट्या शिखर ओलांडून गेला की धारा पुन्हा उतरते. म्हणजे प्रत्येक संपीडनाची एक लाट धारेत उमटते. जितके संपीडन दमदार, तितकी लाट उंच.

ही लाट पाहण्यास साधा धारामापक चालत नाही. इंजिन मिनिटाला २०० फेरे या वेगाने फिरत असेल, तर दोन फेऱ्यांस ०·६ सेकंद लागतो, आणि तेवढ्यात चार लाटा येऊन जातात. एकेकीच्या वाट्यास जेमतेम ०·१५ सेकंद! काटा तेवढ्यात काय दाखविणार? म्हणून दोलनदर्शक, अर्थात ऑसिलोस्कोप, घ्यावा लागतो. त्याच्या पडद्यावर काळ आडवा व धारा उभी रेखाटली जाते. धारा मोजणारा चिमटा बॅटरीच्या जाड तारेभोवती नुसता अडकवावयाचा असतो. तार तोडावी लागत नाही. एड्विन हॉल याने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर हा चिमटा चालतो. घरातील प्रत्यावर्ती धारेचा साधा चिमटा येथे निरुपयोगी आहे, कारण बॅटरीची धारा एकदिश असते.

प्रथम इंजिन पेटणार नाही अशी व्यवस्था करून मग ते काही सेकंद फिरवावे. आरंभी धारेचा एक मोठा उसळा येतो. स्तब्ध मोटारीला हलविण्याचा तो खर्च होय. तो सोडून पुढच्या लाटा पाहाव्या. सर्व सारख्या असल्या तर सिलिंडर एकमेकांच्या तोडीचे आहेत. एखादी खुजी दिसली, तर त्या सिलिंडरातून हवा निसटत आहे. लाटाच नाहीत आणि इंजिन भरभर फिरते आहे, असे असेल तर झडपा चालविणारा पट्टा तुटल्याचा दाट संशय घ्यावा.

खुजी लाट कोणत्या सिलिंडराची, हे कसे ओळखावे? दोलनदर्शकाच्या दुसऱ्या मार्गावर पहिल्या सिलिंडराच्या ठिणगीचा संकेत घ्यावा. डिझेल इंजिनात कॅमशाफ्टच्या संवेदकाचा. तेथून ज्वलनाच्या क्रमाने मोजावे. हा क्रम बहुधा १-३-४-२ असतो, आणि येथे नवखा मनुष्य हमखास फसतो. शेजारच्या दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांमधील गॅस्केट जळाले, तर पडद्यावर खुज्या लाटा शेजारी येत नाहीत. एकाआड एक येतात.

या परीक्षेने तुलना कळते, प्रत्यक्ष दाब कळत नाही. जुन्या इंजिनाचे चारही सिलिंडर सारखेच झिजले असतील, तर आलेख अगदी निर्दोष दिसेल! शिवाय झडप जळाली की दट्ट्याची कडी झिजली, हे लाट सांगत नाही. त्यासाठी संशयित सिलिंडरात दाबाची हवा भरून ती कोठून निसटते हे ऐकावे लागते. हवा धुराड्यातून फुसफुसली तर निष्कासाची झडप, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर कड्या, आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले तर गॅस्केट. मात्र हा खटाटोप आता चारांऐवजी एकाच सिलिंडराचा उरतो.