जागेपणी झोपणारा मेंदू

कामगारांच्या चळवळीत आम्हांला एक शब्द पदोपदी भेटतो, तो म्हणजे 'निष्काळजीपणा'. ऊस तोडताना कोयता पायावर बसला, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय सटकला, की कारण ठरलेले: गड्याचे लक्ष नव्हते! पण लक्ष ही वस्तू अशी हुकमी असते काय? शास्त्रज्ञांनी हा प्रश्न मुक्या प्राण्यांना विचारला आहे. त्याचे उत्तर आपल्या बीडसारख्या जिल्ह्याने, जेथून दर हंगामाला टोळ्याच्या टोळ्या कारखान्यांकडे जातात, ऐकण्यासारखे आहे.

मेंदू एकतर जागा, नाहीतर झोपलेला, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो कंदिलासारखा आहे. वात खालीवर होत असते. 1949 साली मोरुत्झी आणि मॅगून यांनी गुंगी दिलेल्या मांजराच्या मेंदूच्या देठात विजेचा सौम्य प्रवाह सोडला. तत्क्षणी मेंदूच्या संथ लहरी मावळल्या आणि जागेपणीच्या जलद लहरी उमटल्या. वात खालीवर करणारी किल्ली देठातच आहे, हे त्यावरून कळले.

मग वात जितकी वर, तितका उजेड अधिक काय? तसे नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना गोंगाटातून एक सूर ओळखण्यास शिकवले होते. त्यांच्या डोळ्यांतील बाहुली मोजली जाई. पेंगताना ती बारीक होते, उत्तेजित झाल्यावर मोठी. बाहुली मध्यम असताना उंदीर सूर सर्वांत अचूक ओळखीत. वात फार चढवली की काचही काजळते, हे आपल्या आयाबहिणींना ठाऊकच होते!

2022 साली आणखी एक गोष्ट उजेडात आली. पडद्यावर चित्र कोणत्या बाजूला दिसले, ते उंदराने चाक फिरवून सांगावयाचे होते. सोप्या चित्रांतही चुका होत. त्या इकडेतिकडे विखुरलेल्या असाव्यात, असे मानले जाई. बारकाईने पाहता दिसले, की काही काळ उंदीर चित्र नीट पाहून निर्णय घेतो. मग काही काळ चित्राकडे फारसे न पाहता एकाच बाजूला झुकतो. उंदीर तोच, डोळे तेच; बदलली ती मेंदूची अवस्था.

पण आम्हांला सर्वांत अस्वस्थ केले ते 2011 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने. तेथे मोठ्या उंदरांना बराच वेळ जागे ठेवले आणि पंजाने साखरेची गोळी उचलण्याचे काम दिले. उंदीर हिंडत होते, डोळे उघडे होते. तरी मेंदूतील काही पेशी क्षणभर झोपेतल्यासारख्या गप्प होत. जागरण वाढे तसे हे क्षण वाढत. हालचालीचे केंद्र नेमके अशा क्षणी गप्प झाले, की गोळी हुकण्याचा संभव वाढे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु फेफऱ्याच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बारीक तारा बसवलेल्या होत्या. रात्रीच्या जागरणानंतर त्यांच्या पेशींचे नोंदलेले काम 2017 साली प्रसिद्ध झाले. उत्तर द्यावयास उशीर होई, तेव्हा पेशींचा प्रतिसादही मंदावलेला व उशिरा आलेला असे.

म्हणजे थकलेला गडी 'मी जागा आहे' म्हणतो, ते खोटे नसते. पण त्याचा सगळा मेंदू जागा असेलच असे नाही. माणसाची जबाबदारी आम्ही नाकारीत नाही. दक्षता शिकवावी, ती आम्हीही शिकवतो. मात्र पेशींना दम देऊन जागे ठेवता येत नाही. त्यांना विश्रांतीच द्यावी लागते. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. 1948 च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. उसाच्या फडात मात्र भोंगा वाजत नाही. पहाटे तोड सुरू होते आणि रात्री ट्रक येईल तेव्हा भरावा लागतो. म्हणून अपघातानंतर 'लक्ष कोठे होते?' असे विचारण्याआधी 'किती तास झोपला होतास?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने दोषी मिळतो. दुसऱ्याने पुढचा अपघात टळू शकतो.