मोबाईल जवळ नको, लांब धर

मंडळाच्या मागच्या बैठकीनंतर दोघा-तिघांनी मला विचारलं, "तुला नीट दिसत नाही म्हणतोस, मग मोबाईलवर गेम कसा काय खेळतोस?" विचारण्यात कुतूहल होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा संशयही होता. उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून लिहूनच काढलं.

माझ्या आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. सोयीसाठी आरपी म्हणू. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारे 12 कोटी, शंकूपेशी सुमारे 60 लाख. कमी उजेडात दिसणं आणि नजरेच्या कडेला काही हललेलं कळणं हे दंडपेशींचं काम. रंग, बारीक अक्षर, समोरच्याचा चेहरा हे शंकूपेशींचं. आरपीत बहुधा दंडपेशी आधी मरतात. म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते, मग कडा आत आत येत जातात आणि नळीतून बघितल्यासारखं दिसू लागतं. मधलं मात्र पुष्कळ वर्षं शाबूत राहू शकतं. त्यामुळे मी पेपरातली बारीक जाहिरात वाचतो आणि दारात उभ्या सायकलला धडकतो. लोकांना सोंग वाटतं ते इथेच. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हे धरलेलं आहे. दृष्टीचं क्षेत्र 10 अंशांपेक्षा कमी झालं, तर मधलं कितीही स्वच्छ दिसो, माणूस अंध गणला जातो. माझं क्षेत्र सध्या साधारण 20 अंश आहे.

आमच्या बालाघाटला घरी अजूनही एकच निदान चालतं: "मोबाईलने डोळे गेले." आई हे रागाने म्हणत नाही, स्वतःला दोष देत म्हणते, की मीच हातात दिला. तिला मी किती वेळा सांगितलं की आरपी जनुकांतून येतो, मोबाईल नसता तरी आलाच असता. शेजारच्या काकू गाजरं पाठवतात. जीवनसत्त्व 'अ' कमी पडून येणारा रातांधळेपणा वेगळा, तो उपचाराने सुधारतो. माझा तसला नाही. गाजरं मी खातो, चांगली लागतात. हा आजार आपल्या भागात फार विरळा आहे असंही नाही. जगात साधारण 4000 माणसांत एकाला होतो असं धरतात, पण नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत तिशीपुढच्या माणसांची पाहणी झाली तेव्हा प्रमाण 750 मध्ये एक असं निघालं होतं.

आता गेमकडे. डोळे कमजोर म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात: जवळून बघ, मोठं करून बघ. माझ्यासाठी तो उलटा पडतो. थोडं भूमितीत सांगतो. मोबाईल आडवा धरला की त्याची लांबी 15 सेंटिमीटरच्या आसपास. 20 अंशांच्या नळीत तेवढी लांबी मावायला मोबाईल डोळ्यांपासून 43-45 सेंटिमीटर लांब हवा. त्यापेक्षा जवळ आणला की दोन्ही टोकं नळीबाहेर. मामाकडे 43 इंची टीव्ही आहे, त्याची रुंदी 95 सेंटिमीटर. तो मला पावणेतीन मीटरवरून पूर्ण दिसतो, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघराच्या दारातून. मामी म्हणते, "अरे बाबा, पुढे ये ना, तिथून काय दिसते?" तिथूनच दिसतं, मामी. उद्या क्षेत्र 10 अंशांवर आलं, तर हाच मोबाईल 86 सेंटिमीटरवर धरावा लागेल, आणि माझा हात तेवढा लांब नाही.

बीजीएमआयसारख्या गेममध्ये महत्त्वाचं सगळं कडांना टाकलेलं असतं. छोटा नकाशा वरच्या उजव्या कोपऱ्यात, बटणं दोन्ही बाजूंना. बटणं सेटिंगमध्ये जाऊन मध्याकडे सरकवता येतात, तसं मी केलं आहे. नकाशा बघायला मात्र नजर उचलून न्यावी लागते, आणि तेवढ्यात समोरचा गोळी घालून मोकळा. अंधाऱ्या खोलीत लपलेला शत्रू मला दिसतच नाही. तिथे कानच कामाला येतात. डाव्या बाजूचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू तो पकडतो. हेडफोन लावले की पावलं कुठून येताहेत ते कळतं. माझे मित्र हेडफोनशिवाय खेळतात, म्हणून कधीकधी मीच त्यांना सांगतो, "वर कोणीतरी आहे."

मोठ्या कंपन्यांनी यावर बरंच काम केलं आहे. 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये अशी सोय आहे, की आजूबाजूचं सगळं राखाडी होतं, आपली माणसं निळी, शत्रू लाल, उचलायच्या वस्तू पिवळ्या. त्यातल्या आवाजी खुणांवर पूर्ण अंध खेळाडूंनी तो गेम संपवला आहे. 2023 च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये वळण किती जवळ आलं ते आवाजावरून कळतं आणि न बघता गाडी पळवता येते. पण हे सगळं महागड्या यंत्रांवर. आपल्याकडे गेम म्हणजे मोबाईल, आणि तिथे अडचण वेगळीच. फोनमधलं टॉकबॅक साध्या ॲपमधलं लिखाण वाचून दाखवतं, पण बहुतेक गेममध्ये अक्षरंसुद्धा चित्र म्हणूनच काढलेली असतात. टॉकबॅकच्या हाती काहीच लागत नाही. बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं तर हे सुधारता येतं, म्हणून मला याचा रागच येतो.

टॉकबॅक मी आत्ताच शिकतो आहे, दिसत असताना. सोबत बुद्धिबळही, हातांनी. अंधांच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर खिळा असतो आणि प्रत्येक मोहरं घराच्या भोकात बसतं. चाचपलं तर चालतं, भोकातून उचललं की मग तेच खेळावं लागतं. चाल मोठ्याने सांगायची. घरांच्या उभ्या रांगांना ॲना, बेला, सीझर अशी नावं आहेत. शाळकरी वयात दृष्टी गेलेल्या मुंबईच्या चारुदत्त जाधवांनी या खेळासाठी देशभर मुलं गोळा केली. 2012 चा 'अल्गोरिदम्स' हा माहितीपट त्यांच्यावर आणि अशाच तीन मुलांवर आहे. त्यातला एक, वडोदऱ्याचा दर्पण इनानी, 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकून आला. मंडळाने हा माहितीपट एकदा दाखवावा. वर्णन करून सांगायला कोणी शेजारी बसलं तर मीही अंधारात येईन.

आणि माझ्यासोबत खेळणाऱ्यांसाठी एक. "अरे तिकडे बघ, तिकडे!" असं ओरडू नका. तुमचं 'तिकडे' माझ्या नळीबाहेर असतं. होकायंत्राचा आकडा सांगा. "एकशे वीस, झाडामागे" एवढं म्हटलं की मी वळतो, आणि बहुतेक वेळा तो सापडतो.