मुळ्याला पाणी घालणारी मुलगी

जपानी भाषेत मुळ्याला ‘दाइकोन’ म्हणतात. ओसाका शहराच्या नावातले पहिले चित्राक्षर ‘दाइ’ असेही वाचता येते. त्याला कन्व्हेन्शनमधले ‘कॉन’ जोडले, की ओसाकात भरणाऱ्या विज्ञानकथा संमेलनाचे नाव तयार होते ‘दाइकॉन’. म्हणजे मुळा! या एवढ्याशा शाब्दिक कोटीवर 1981 मध्ये काही विद्यार्थ्यांनी पाच-सहा मिनिटांची एक कार्टून फिल्म बेतली, आणि जपानी अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात तिला जागा मिळाली.

जपानमध्ये 1962 पासून विज्ञानकथाप्रेमींचे वार्षिक संमेलन भरते. दरवर्षी गाव वेगळे, यजमान मंडळी वेगळी. आपल्या साहित्य संमेलनासारखेच म्हणा, फक्त तिथे पूर्वी होत असलेली अध्यक्षपदाची निवडणूक वजा करून. 1981 च्या ऑगस्टमधले विसावे संमेलन ओसाकाकडे आले. तोशिओ ओकादा आणि यासुहिरो ताकेदा हे आयोजकांतले दोन उत्साही तरुण. उद्घाटनाला नुसती भाषणे नकोत, आपली स्वतःची फिल्म दाखवू, असे ठरले. ओसाका कला विद्यापीठातले हिदेआकी अन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी अकाई हे तीन विद्यार्थी त्यांना मिळाले.

फिल्ममध्ये पाठीवर दप्तर घेतलेल्या एका लहान मुलीला पेलाभर पाणी दिले जाते. ते तिने मुळ्याला घालायचे आहे. वाटेत तिला गॉडझिलासारखे राक्षस आणि ‘स्टार वॉर्स’मधली याने अडवतात, दप्तरातली पट्टी काढून ती तलवारीसारखी चालवते, आणि अखेर कोमेजलेल्या मुळ्याला पाणी मिळते. मुळ्याचे अंतराळयान होते. संपली गोष्ट. सभागृहातल्या प्रत्येकाला प्रत्येक राक्षसाचे आणि यानाचे नाव पाठ होते. बाहेरच्या माणसाला यातले निम्मे कळणार नाही. पण ती बाहेरच्या माणसासाठी नव्हतीच.

मी बँकेत उमेदीची सारी वर्षे कर्जप्रकरणे तपासण्यात घालवली. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता, तारण काय? उत्तर आले असते, एक मुळा. आता खर्चाची बाजू पाहा. तेव्हाच्या अ‍ॅनिमेशनमध्ये पारदर्शक पत्र्यांवर चित्रे रंगवून एकेका चौकटीचे छायाचित्र घेत. फिल्म 8 मिलिमीटरची. सेकंदाला 18 चौकटी धरल्या तरी पाच मिनिटांच्या 5400 होतात. एक चित्र दोन-तीन चौकटींना पुरवले, तरी हजारोंच्या घरात चित्रे आली. व्यावसायिक पत्रे परवडणारे नव्हते, म्हणून कारखान्यांत वापरतात तसले स्वस्त प्लॅस्टिक आणून हाताने कापले. सेलवर काम करण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. रंगवायला मित्र आणि मित्रांचे मित्र. मजुरीच्या रकान्यात शून्य.

या शून्यापाशी मी थोडा थांबतो. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेची हौशी नाटके असोत की आंतरबँक एकांकिका, त्यांचा हिशेब असाच असतो. रात्री दोनला रंगीत तालीम, सकाळी कॅश काउंटरवर जांभया. ‘हौस’ हा शब्द आपण जरा हलका वापरतो. हौशी माणूस फुकट राबतो, पण त्याच्याकडून कोणी फुकट राबवून घेत नाही, हा फरक आहे. तो राहील तोवर सारे ठीक.

संमेलन तोट्यात गेले. तो भरून काढण्यासाठी फिल्मच्या प्रती विकायला काढल्या, आणि त्या एवढ्या खपल्या की पुढच्या फिल्मची सोय झाली. 1982 मध्ये या मंडळींनी ओसाकात विज्ञानकथांशी संबंधित वस्तूंचे दुकानही काढले. हौसेच्या वहीत पहिल्यांदा जमेची बाजू उघडली ती इथे.

1983 मध्ये संमेलन पुन्हा ओसाकात भरले. या वेळी फिल्म 16 मिलिमीटरची, हात अधिक आणि सराईत. मधल्या काळात अन्नो आणि यामागा टोकियोला जाऊन ‘मॅक्रॉस’ या मालिकेवर काम करून आले होते. मुळ्याची मुलगी आता मोठी झाली आहे, तलवारीवर उभी राहून आकाशात सुसाट जाते. पार्श्वभूमीला ‘इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे ‘ट्वायलाइट’ हे गाणे. गाण्याची परवानगी घेतलेली नव्हती. उसन्या पात्रांचेही तेच. त्यामुळे ही फिल्म रीतसर बाजारात कधी खुलेपणाने येऊ शकली नाही. हक्कांच्या दृष्टीने हा प्रकार बेकायदा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही परवानग्या मागत बसले असते तर ही फिल्म झाली नसती, हेही तितकेच खरे. या दोन विधानांचा ताळमेळ मला जमलेला नाही.

1984 च्या डिसेंबरात याच मंडळींनी ‘गायनॅक्स’ ही कंपनी काढली. अकाईंच्या गावाकडच्या बोलीत ‘गाइना’ म्हणजे मोठे. पहिला चित्रपट ‘रॉयल स्पेस फोर्स’ 1987 मध्ये आला. खर्च सुमारे 80 कोटी येन, पैसा बांदाई या खेळणी कंपनीचा, आणि दिग्दर्शक यामागा विशीतला. चित्रपट झाला की कंपनी मोडायची, असा बेत होता म्हणतात. चित्रपट सुरेख झाला, गल्ला मात्र बेताचा जमला. आता देणी आली, आणि देणेकऱ्याला कंपनी मोडता येत नाही. पुढचे काम घ्यावे लागते, त्यासाठी माणसे ठेवावी लागतात, माणसांसाठी आणखी काम. बँकेत बसून मी हे चक्र कापडाच्या दुकानांत आणि छोट्या छापखान्यांत किती वेळा पाहिले! मालकाची नियत उत्तम असूनही पाहिले.

1995 मध्ये अन्नोंची ‘इव्हान्जेलियन’ मालिका आली आणि जपानभर गाजली. यश आले की पैसा सांभाळणे आले, आणि ते या मंडळींना साधले नाही. 1999 मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांना अटक झाली. पुढे एकेक जण बाहेर पडला. अन्नोंनी 2006 मध्ये स्वतःची ‘खारा’ ही संस्था काढली. 2024 च्या मे महिन्यात गायनॅक्सने टोकियोच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. मुळ्याला पाणी घालण्यापासून दिवाळखोरीपर्यंत 43 वर्षे. माझ्या जुन्या सवयीने मी ही बेरीज दोनदा तपासली.

मात्र एक खाते अजून बंद झालेले नाही. 1983 च्या सुमारास याच मंडळींनी 8 मिलिमीटरवर ‘अल्ट्रामॅन’ या दूरचित्रवाणीवरच्या लाडक्या नायकाची एक हौशी फिल्म केली होती. दिग्दर्शक अन्नो. खेळण्यातली घरे आणि विमाने बरीचशी कागदाची, पण कॅमेऱ्याचे कोन इतके नेमके की हसता हसता प्रेक्षक गप्प होतो. खरा मुखवटा आणि पोशाख आणणार कुठून? म्हणून अल्ट्रामॅन झाले स्वतः अन्नो. अंगात रंगवलेले जाकीट, चेहरा उघडा, डोळ्यांवर चष्मा.

2022 मध्ये ‘शिन अल्ट्रामॅन’ हा मोठ्या खर्चाचा चित्रपट रीतसर हक्कांनिशी पडद्यावर आला. लेखन अन्नोंचे, दिग्दर्शन दाइकॉनच्या दिवसांतले त्यांचे सोबती शिंजी हिगुची यांचे. यातला अल्ट्रामॅन संगणकावर घडवलेला आहे. त्याच्या हालचालींसाठी ज्यांच्या देहाच्या हालचाली टिपल्या, त्यांची नावे श्रेयनामावलीत आहेत. एक मूळ मालिकेत तो पोशाख चढवणारे नट बिन फुरुया. दुसरे हिदेआकी अन्नो, वय वर्षे साठच्या पुढे.