डबल सायलेन्सरचा फंडा

नांदेड-लातूर रोडवर भाव खायचा म्हणून पिकअपला मागे दोन चकाचक सायलेन्सर लावताय? बॉस, जरा थांबा! व्ही-८ इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात, म्हणून तिथं दोन नळ्यांना अर्थ असतो. आपल्या बोलेरो पिकअपचे चारही सिलिंडर एकाच रांगेत, सगळा धूर एकाच टर्बोतून बाहेर. पुढे नळीला फाटा फोडून गाडीचा ‘पिकअप’ फारसा वाढत नाही. वाढतो तो आवाज! बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करणारी यंत्रणाही याच नळीवर असते, ती कापायची कशी? शिवाय मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाला पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्स बाद. स्टाइल मारायचीच, तर झकास सीट कव्हर घ्या. नळी कंपनीचीच राहू द्या!