मागच्या सीटवरून दिसलेली अमेरिका

अमेरिकी राजकारणाच्या अभ्यासाचा आढावा लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हाच मी त्यांना बजावलं होतं, की समतोल वगैरे माझ्याकडून व्हायचा नाही. अध्यक्ष, न्यायालयं, दबावगट यांवर कपाटंच्या कपाटं भरली आहेत. अध्यक्षाचं बळ हुकूम सोडण्यात नसून समोरच्याला पटवण्यात आहे, हे न्यूस्टाटनी १९६० मध्ये सांगितलं. पुढच्या पुष्कळांनी त्यालाच फोडणी दिली.

मतदारांच्या अभ्यासात मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना आधी नमस्कार. १९६०च्याच 'द अमेरिकन व्होटर'ने दाखवलं, की पक्षनिष्ठा कुलदैवतासारखी घरातून येते. इथवर उत्तम. पण त्यातून प्रश्नावली म्हणजेच संशोधन मानणारा एक पंथ निघाला. त्या पंथाशी माझं कधी जमलं नाही.

माझी माणसं दोन. पहिले व्ही. ओ. की. 'सदर्न पॉलिटिक्स' (१९४९) साठी पाचशेहून अधिक मुलाखती झाल्या, काउंटीगणिक नकाशे काढले गेले. जिथे कृष्णवर्णीयांची वस्ती सर्वांत दाट, तिथलेच गोरे पुढारी साऱ्या दक्षिणेचं राजकारण आपल्या दावणीला बांधून ठेवतात, हे त्यातून उघड झालं.

दुसरे रिचर्ड फेनो. हा गृहस्थ प्रतिनिधिगृहाच्या १८ सदस्यांबरोबर त्यांच्या मतदारसंघांत हिंडला. गाडीत मागे बसायचं, सभा-मेजवान्यांना सोबत जायचं, ऐकायचं, रात्री टिपणं लिहायची. त्यातून १९७८ साली 'होम स्टाइल' आलं. प्रतिनिधीच्या डोळ्यांपुढे मतदारसंघ एक नसतो, एकात एक चार असतात: नकाशावरचा, मतं देणारा, प्राथमिक निवडणुकीतही साथ न सोडणारा आणि अगदी जिवाभावाचा. वॉशिंग्टनमध्ये दिलेल्या मताची कैफियत तो घरी कशी मांडतो, हे फेनोंनी कान देऊन ऐकलं. काँग्रेसला शिव्या घालतच लोक काँग्रेसवर निवडून येतात, आणि मतदारही संस्थेला नावं ठेवून आपल्या माणसाला जपतात, हे त्यांचंच निरीक्षण. आमदाराच्या जीपमध्ये कधी बसलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार?

एका चर्चासत्रात मी फेनोंवर बोललो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका विद्वानांनी विचारलं, ''नमुना केवढा?'' म्हटलं, अठरा. सभागृह हसलं. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. गंमत अशी, की राजकारणाला गणितात बसवणारे रायकर आणि मागच्या सीटवरचे फेनो रॉचेस्टर विद्यापीठात एकाच विभागात नांदत होते. भांडणं लावली ती चेल्यांनी.

आता ध्रुवीकरणाचं पीक आलं आहे. पूल आणि रोझेन्थाल यांनी काँग्रेसमधल्या मतदानाच्या नोंदींवरून प्रत्येक सदस्याला रेषेवरचा ठिपका केलं. डावीकडचे आणि उजवीकडचे ठिपके दूर गेले, हे त्यातून लख्ख दिसतं. मी ते नाकारत नाही. मात्र १९५० साली याच विषयातल्या धुरिणांच्या समितीने दोन्ही पक्षांनी स्पष्ट वेगळे कार्यक्रम मांडावेत म्हणून अहवाल काढला होता. मागितलं ते मिळालं, आता तक्रारीचे निबंध! ठिपका घरी गेल्यावर काय बोलतो, हे विचारायला मात्र कुणी जात नाही. हल्लीच्या प्रबंधांत मला माणूस भेटतच नाही, तक्ते भेटतात.

फेनो २०२० मध्ये गेले. माझी 'होम स्टाइल'ची प्रत समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट शाबूत आहे. कुणा तरुणाला हवी असेल तर घेऊन जावी. परत मात्र आणून द्यावी.