घरगुती वाय-फायवरील फाइल-देवाणघेवाण : अडथळे व उपाय

नाशिकमधील प्राध्यापकांच्या घरीही आज जुना व नवा असे दोन संगणक आढळतात. एकाच वाय-फायवर असूनही ते परस्परांना दिसत नसतील, तर प्रथम एखादा संगणक राउटरच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर नाही ना, हे पाहावे. नंतर विंडोजमध्ये जाळ्याचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करावा.

तरीही विंडोज एक्स्पीचा संगणक जोडला जात नसेल, तर कारण निराळे असते. एक्स्पीला केवळ एसएमबी-१ ही जुनी संपर्कप्रणाली अवगत आहे. ती ऑक्टोबर २०१७ पासून नव्या विंडोजमधून टप्प्याटप्प्याने वगळण्यात आली. ती पुन्हा सुरू करणे सोपे, परंतु धोक्याचे होय. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू तिच्यातील त्रुटीतूनच जगभर पसरला.

सारांश, जुन्या संगणकावरील शोधप्रबंध वा प्रश्नपत्रिका तपासलेल्या पेन ड्राइव्हनेच हलवणे इष्ट ठरते.